विश्लेषण : शीतगृहाला मे महिन्यापेक्षा जुलै जड का? सूरजागड पट्ट्यातील अमोनियाचा हिशेब

सूरजागडच्या लोहखनिजावर आधारित कोनसरी येथील पोलाद प्रकल्पाची पायाभरणी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते 22 जुलै 2025 रोजी झाली. कामगार, वसाहती आणि खानावळी वाढल्या की बर्फ, मासे, दूध आणि भाजीपाल्याची साठवणही वाढते. मोठ्या शीतगृहांत आणि बर्फ कारखान्यांत आजही प्रामुख्याने अमोनिया वापरला जातो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या हवामानात ही यंत्रणा कशी चालते?

अमोनियाच का?

अमोनिया स्वस्त आहे, ओझोनला धोका पोहोचवत नाही आणि त्याची वाफ होताना तो भरपूर उष्णता शोषतो. वातावरणाच्या दाबाखाली तो उणे 33 अंशांना उकळतो. शीतकक्षातून शोषलेली उष्णता बाहेर टाकण्यासाठी कॉम्प्रेसर त्याची वाफ दाबतो आणि कंडेन्सरमध्ये तिचे पुन्हा द्रव होते. बाहेरच्या हवामानाचा खरा परिणाम इथे, कंडेन्सरवर होतो.

48 अंशांचा मे सोपा कसा?

चंद्रपूरचा पारा मे महिन्यात 48 अंशांपर्यंत गेलेला आहे. तरीही कंडेन्सरसाठी हा महिना सर्वात कठीण नसतो. कारण आपल्या घरच्या कूलरसारखेच आहे. कोरड्या मे महिन्यात कूलर गार हवा देतो, पावसाळ्यात मात्र घाम काढतो. पाण्याचा फवारा मारणारा कंडेन्सरही बाष्पीभवनावरच चालतो. त्यामुळे थर्मामीटरच्या टोकाला ओले फडके गुंडाळल्यावर दिसणारे तापमान त्याच्यासाठी महत्त्वाचे असते.

हवा 45 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर हे तापमान सुमारे 24 अंश येते. जुलैत हवा 32 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असेल, तर ते 30 अंशांवर जाते. कंडेन्सर त्यापेक्षा दहा अंश वर चालतो असे धरल्यास मे महिन्यात दाबमापकावर सुमारे 12 बार दिसतील, तर जुलैत 14.5 बार. कंडेन्सरचे तापमान एक अंशाने वाढले की वीज साधारण दोन ते तीन टक्के जास्त लागते. म्हणजे या सहा अंशांचा भुर्दंड 15 टक्क्यांच्या आसपास.

मग उन्हाळ्यात काळजी नको?

तसे नाही. भिंती, छत आणि उघड्या दारांतून येणारी उष्णता मे महिन्यातच जास्त असते. पाणी कमी पडते आणि जड पाण्याचा क्षार नळ्यांवर बसतो. खनिज वाहतुकीच्या रस्त्यालगत प्रकल्प असेल, तर उडालेली धूळ फवाऱ्याच्या पाण्यात उतरून गाळ होते आणि फवाऱ्याची तोंडे बुजतात. उन्हाळ्यात साचलेला हा थर पावसाळ्यात दाब आणखी वाढवतो. म्हणून कंडेन्सरची सफाई जूनच्या पहिल्या आठवड्याआधी झालेली बरी.

दाब वाढण्याचे आणखी एक कारण म्हणजे यंत्रणेत शिरलेली हवा. तापमान उणे 33 अंशांखाली नेणाऱ्या प्रकल्पांत शोषण बाजू वातावरणापेक्षा कमी दाबावर चालते आणि सैल सांध्यांतून हवा आत ओढली जाते. कंडेन्सरमधून निघणाऱ्या द्रवाच्या तापमानाला जेवढा दाब अपेक्षित आहे, त्याहून मापकावर जास्त दिसला, तर हवा शिरल्याचा संशय घ्यावा.

गळती झाली तर?

अमोनिया वायू हवेपेक्षा हलका असतो, हे खरे. मात्र गळालेल्या थंड द्रवाचा दमट हवेत धुक्यासारखा ढग होतो आणि तो जमिनीलगत पसरतो. हवेत त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत 300 भाग झाले, तर जीवाला तत्काळ धोका मानला जातो. अशा वेळी वाऱ्याला आडवे जाऊन ढगाबाहेर पडावे, नाकातोंडावर ओले फडके धरावे आणि डोळे भरपूर पाण्याने धुवावेत.

या पट्ट्याची अडचण इथेच आहे. यंत्रणेवरचा दाब जुलै-ऑगस्टमध्ये सर्वाधिक असतो आणि याच काळात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटतो. बाहेरून तंत्रज्ञ, सुटे भाग आणि रुग्णवाहिका येण्याची खात्री याच दिवसांत सर्वात कमी असते. त्यामुळे या भागात शीतगृहाला परवानगी देताना शहरातले निकष जसेच्या तसे लावून चालणार नाही. कंडेन्सरची क्षमता जुलैच्या हवेवर ठरवणे, श्वसनसंच आणि प्रशिक्षित माणसे जागेवरच ठेवणे आणि शेजारच्या गावाला आधीच सूचना देणे, एवढे तरी बंधनकारक असावे.