संत्रा रुपयात, गिऱ्हाईक टक्यात

बांगलादेशने नागपुरी संत्र्यावर किलोमागे किती आयात शुल्क लावले आहे, हा आकडा गेली काही वर्षे काटोल, नरखेड, वरुड, मोर्शीच्या प्रत्येक सभेत ऐकू येतो. २०१९ मध्ये २०, २०२२ मध्ये ६३, २०२३ मध्ये ८८, २०२४ मध्ये १०१. आकडे सगळ्यांना पाठ आहेत. हे आकडे रुपयांचे की टक्यांचे, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. कुठे ते टक्यात छापले जातात, कुठे रुपयांत, आणि दोन्ही ठिकाणी संख्या तीच असते. २०२३ च्या अखेरीस एका रुपयाला साधारण १ टका ३२ पैसे पडत होते. म्हणजे शुल्क ८८ टके असेल, तर ते ६७ रुपयांच्या आत बसते. किलोमागे २१ रुपयांचा हा फरक आहे, आणि बागेतल्या मालाला कित्येकदा एवढाही भाव मिळत नाही. नाण्याचे नाव गाळले की हिशेब किती हुकतो, ते यावरून कळावे. संत्र्याचा प्रश्न शुल्काचा आहे, तसाच तो एका देशाचा पैसा दुसऱ्या देशाच्या पैशात बदलण्याचाही आहे, आणि ही दुसरी बाजू आपण जवळजवळ सोडून दिली आहे, असे माझे म्हणणे आहे.

नागपूरचा व्यापारी माल रुपयांत घेतो, ढाक्याचा ग्राहक पैसे टक्यात देतो. या दोघांमध्ये सहसा थेट रस्ता नसतो. टक्याचे आधी डॉलर व्हावे लागतात आणि डॉलरचे मग रुपये. दोन्ही टप्प्यांवर बँका खरेदी-विक्रीच्या दरांतला फरक ठेवून घेतात. आपल्या भाषेत या खर्चाला ‘वटणावळ’ असा नेमका शब्द होता. परदेशी चलनाच्या दराला ‘हुंडणावळ’ म्हणत, आणि शंभर वर्षांपूर्वी हा शब्द मराठी वर्तमानपत्रांच्या वाचकाला समजावून सांगावा लागत नसे. शब्द मागे पडला, खर्च राहिलाच. तो आता दरात मिसळलेला असतो, वेगळा दिसत नाही. पण दोनदा लागणाऱ्या वटणावळीपेक्षाही मोठी अडचण त्या मधल्या डॉलरची आहे. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेकडे ऑगस्ट २०२१ मध्ये सुमारे ४८ अब्ज डॉलरची गंगाजळी होती. पुढच्या दोन-अडीच वर्षांत ती निम्म्यावर आली. मे २०२२ मध्ये त्या सरकारने फळे, फुले, सौंदर्यप्रसाधने, फर्निचर अशा १३५ वस्तूंवरचे नियामक शुल्क वाढवले, ते डॉलर वाचवण्यासाठी. जानेवारी २०२३ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे ४.७ अब्ज डॉलरचे कर्ज घ्यावे लागले. ज्या देशाला इंधन आणि खतासाठी डॉलर पुरवून वापरावे लागतात, तो फळाला हात आखडणारच.

रुपया घसरला की निर्यातदाराचा फायदा होतो आणि त्याच्यामागून शेतकऱ्याचाही, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. संत्र्यापुरता हा हिशेब करून पाहू. २०२२ च्या सुरुवातीला डॉलरला साधारण साडेचौऱ्याहत्तर रुपये आणि ८६ टके पडत. २०२४ च्या अखेरीस साडेपंच्याऐंशी रुपये आणि १२० टके पडू लागले. मधल्या काळात, मे २०२४ मध्ये, बांगलादेश बँकेने टक्याचा दर एका दिवसात ११० वरून ११७ वर नेला होता. आता हे आकडे शेजारी ठेवावेत. तीन वर्षांत आपल्याला डॉलर सुमारे १५ टक्क्यांनी महाग झाला, बांगलादेशला जवळजवळ ४० टक्क्यांनी. त्यामुळे २०२२ च्या प्रारंभी एका रुपयाला १ टका १५ पैसे मोजणाऱ्या ढाक्याच्या व्यापाऱ्याला २०२४ च्या शेवटी १ टका ४० पैसे मोजावे लागले. उदाहरणापुरते ४० रुपये किलोचे संत्रे घेतले, तर ते त्याला आधी ४६ टक्यांना पडत होते आणि नंतर ५६ टक्यांना. यात शुल्काचा एक पैसाही धरलेला नाही. बागेतला भाव तोच, फळ तेच, आणि गिऱ्हाइकाच्या हिशेबात दहा टक्यांची वाढ. ‘रुपया घसरला’ ही बातमी छापून येत होती त्याच काळात आपल्या संत्र्याच्या सर्वांत मोठ्या परदेशी बाजारात रुपया पाचव्या हिश्श्याहून अधिक वधारला होता.

उलट, जे विकत घ्यायचे ते सारे डॉलरच्या भावाने येते. बागेला लागणारे पोटॅश आपण जवळजवळ सगळेच आयात करतो, डीएपी बऱ्याच अंशी आणि ज्यातून डिझेल निघते ते कच्चे तेल मोठ्या प्रमाणावर. अनुदानामुळे हा धक्का थोडा सौम्य होतो, पण नाहीसा होत नाही. म्हणजे खरेदी करताना संत्रा उत्पादकाचा रुपया दुबळा आणि विक्री करताना नको तितका सबळ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात आणि १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे दिलेल्या साक्षीत एक मुद्दा आग्रहाने मांडला होता. हुंडणावळ घसरल्याने व्यापाऱ्याला जो लाभ होतो, तो आकाशातून पडत नाही. भाव चढतात आणि मजुरी त्या वेगाने चढत नाही, तेव्हा मजुराच्या तोट्यातून तो येतो. फायदा नेमका कोणाच्या हातात पडतो हे विचारल्याशिवाय दराच्या चढउताराला चांगले-वाईट म्हणू नये, ही त्यांची शिस्त होती. दीक्षाभूमीच्या शहरात तरी ती आठवायला हवी.

यावर कुणी म्हणेल, हा सगळा आकड्यांचा खेळ झाला, खरे दुखणे शुल्काचेच आहे. हा आक्षेप मला बऱ्याच अंशी मान्य आहे. आकडे टक्यातले धरले, तर २०१९ चे २० टके म्हणजे तेव्हाचे जेमतेम १७ रुपये, आणि २०२४ चे १०१ टके म्हणजे ७२ रुपये. चौपटीहून जास्त वाढ केवळ चलनाच्या दराने होत नाही. पण त्या शुल्कातही चलन शिरलेले आहे. बांगलादेशातले फळांवरचे कर मुख्यतः किमतीच्या टक्केवारीत आकारले जातात, आणि मालाची किंमत डॉलरमध्ये धरून ती चालू दराने टक्यात बदलली जाते. समजा, किलोची किंमत अर्धा डॉलर धरली आणि सगळे कर मिळून शंभर टक्के झाले. डॉलर ८६ टक्यांना असताना कर ४३ टके होईल, १२० टक्यांना असताना ६० टके. ढाक्यात एकही नवी अधिसूचना न निघता किलोमागे १७ टके वाढतील. आपल्याकडे ती ‘बांगलादेशने पुन्हा शुल्क वाढवले’ अशी बातमी होईल. ८८ वरून १०१ ही वाढ टक्यात जवळजवळ १५ टक्क्यांची आहे. रुपयांत केली, तर ६७ वरून ७२, म्हणजे आठ टक्क्यांच्या आसपास.

हे शुल्क म्हणजे भारतावरचा राग आहे, असेही बोलले जाते. आपण ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद केली, त्याआधी ऑगस्टमध्ये तिच्यावर ४० टक्के शुल्क लावले, त्याचा सूड संत्र्यावर काढला गेला, असा हा तर्क. कांद्याच्या निर्णयाने बांगलादेशातल्या घरांना झळ बसली, हे खरे आणि आपण ते विसरू नये. पण २०२२ चा फळांवरचा बोजा कांद्याच्या आधीचा आहे, आणि तो सगळ्याच परदेशी फळांवर पडला. सफरचंदे आणि द्राक्षेही त्यातून सुटली नाहीत. रोग डॉलरटंचाईचा असताना केवळ रुसवा काढण्याच्या वाटाघाटी करून भागणार नाही.

निदान चुकले की उपायही चुकतो. डिसेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने या शुल्काचा निम्मा भार उचलण्याचे ठरवले, तेव्हा चर्चा किलोमागे ४४ रुपयांची झाली. ८८ चे निम्मे ४४, हा हिशेब ८८ रुपये असतील तरच बरोबर आहे. ते टके असतील, तर निम्मे होतात ३३ रुपये. ११ रुपयांचा फरक वीस टनांच्या एका ट्रकमागे दोन लाख वीस हजारांवर जातो, आणि तो सरकारी तिजोरीतून, म्हणजे आपल्या खिशातून जायचा असतो. मदत कमी द्या, असे माझे म्हणणे अजिबात नाही. ती निर्यातदाराच्या खात्यावर जमा होणार असेल, तर बागाईतदारापर्यंत त्यातले किती पोचणार, हे ठरवायला तरी आधी आकडा कोणत्या नाण्यातला आहे ते माहीत हवे. संत्र्याची बाग बहार झाडावर असतानाच उक्ती विकली जाते. सौदा करणाऱ्याला दोन महिन्यांनंतरचा टक्याचा दर ठाऊक नसतो, म्हणून तो बोली लावताना त्या अनिश्चिततेची किंमत आधीच कापून ठेवतो. त्याला दोष देता येत नाही. पण ती कपात होते बागवाल्याच्याच भावातून, आणि त्याला ती दिसतही नाही.

मग डॉलर वगळून थेट रुपयांत व्यापार का करू नये? तशी व्यवस्था आहे. रिझर्व्ह बँकेने ११ जुलै २०२२ रोजी रुपयांत परदेशी व्यापार मिटवण्याची परवानगी दिली, आणि बरोबर एका वर्षाने, ११ जुलै २०२३ रोजी, ढाक्यात भारत-बांगलादेश रुपया व्यवहारांचा आरंभ झाला. आपल्या बाजूने स्टेट बँक आणि आयसीआयसीआय बँक, त्यांच्या बाजूने सोनाली बँक आणि ईस्टर्न बँक. यावरचा खरा आक्षेप असा की बांगलादेशने रुपये आणायचे कुठून? २०२२-२३ मध्ये आपण त्याला सुमारे १२ अब्ज डॉलरचा माल विकला आणि त्याच्याकडून सुमारे २ अब्जांचा घेतला. तो आपल्याकडून जेवढे रुपये कमावतो तेवढेच खर्च करू शकतो. आक्षेप बिनतोड आहे, पण मला त्यातच वाट दिसते. सगळा व्यापार रुपयांत होणार नाही हे मान्य, मात्र त्या २ अब्जांच्या कमाईत फळांचा व्यवहार सहज मावतो. कापसाची गाठ आणि यंत्राचा सुटा भाग डॉलरच्या पतपत्राची वाट पाहू शकतो, पेट्रापोल-बेनापोलच्या सीमेवर उभा असलेला संत्र्याचा ट्रक पाहू शकत नाही. नाशिवंत मालाची पतपत्रे आधी रुपयांत उघडावीत, ही मागणी विदर्भातून जायला हवी होती. बांगलादेशातल्या ऑगस्ट २०२४ च्या सत्तांतरानंतर दोन्ही देशांतले वातावरण बिघडले आणि काम अवघड झाले. तरी सीमेवरचा व्यापार थांबलेला नाही, आणि स्वस्त वटणावळ त्यांच्याही व्यापाऱ्याला हवीच आहे.

तोवर एक साधी गोष्ट इथे, नागपुरात होऊ शकते. आपल्याकडे दररोज जाहीर होणाऱ्या संदर्भ दरांत भर डॉलर, युरो, पौंड आणि येनवर असतो, त्यांत टक्याला जागा नाही. कळमना आणि वरुडच्या बाजार समित्यांनी हंगामात रोजच्या भावफलकावर टक्याचा त्या दिवसाचा दर लावावा. बँकेत एक फोन केला की तो मिळतो. शुल्काचा आकडा सांगताना अधिकाऱ्यांनी, पुढाऱ्यांनी आणि आम्ही पत्रकारांनी त्याच्यापुढे नाण्याचे नाव आणि तारीख लिहावी. आणि वाचकहो, यंदाच्या बहारात कुणी तुम्हाला संत्र्यावरच्या शुल्काचा आकडा सांगितला, तर पुढचे वाक्य ऐकण्याआधी त्याला विचारा: रुपयांत की टक्यात, आणि कोणत्या दिवशीच्या दराने?