लिलावातली जोंगा : आधी कागद, मग रंग

शेतकरी भावांनो, लष्कराच्या लिलावातली जुनी जोंगा आणि ट्रेलर आपण हौसेने घेत नाही. घामाला दाम नाही म्हणून घेतो. तेव्हा हिशेब चोख हवा. जबलपूरला बनलेली ही गाडी दणकट खरी, पण तिचे मूळचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन खिसा रिकामा करते. नवख्याने आधी लिलावाचे कागद पाहावेत, मग ब्रेक, चाकांचे बेअरिंग, ट्रेलरचा आकडा आणि पिन. रंगरंगोटी शेवटी. आरटीओत नोंदणी होणार नसेल, तर ती गाडी नव्हे, भंगार. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत भंगार वजनावर जाते. अशा गाडीला त्या भावापेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नका!