आधी किडे पाळा, मग सरडा

नागपूरच्या लकडगंजात किडा म्हटलं की डोळ्यांपुढे वाळवी येते, नाहीतर ओंडक्याला भोकं पाडणारा भुंगा. इथल्या टालांचं आणि आरामशिनींचं त्यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. अशा वस्तीत कुणी हौसेनं घरात किडे वाढवतो म्हटलं की शेजारी नाक मुरडणारच. मला मात्र ते काम फार मोलाचं वाटतं. बिअर्डेड ड्रॅगन, लेपर्ड गेको असे परदेशी सरडे-पाली पाळणारे तरुण आता आपल्या शहरांतही दिसतात. त्या जिवांची तब्येत बरीचशी किड्यांच्या डब्यातच ठरते.

‘अंगणातले नाकतोडे धरून घातले तर?’ असं बरेच जण विचारतात. घालू नका. लाकडावर वाळवीचं औषध मारलेलं असतं, बागेत आणि गटारात फवारणी झालेली असते. ते विष किड्याच्या पोटातून थेट पालीच्या पोटात जातं. शिवाय जंतांची भीती वेगळीच.

सुरुवातीला मीलवर्म सोपे. धान्यात-पिठात होणाऱ्या काळ्या भुंग्याची ही अळी. पसरट डबा घ्या आणि झाकणाला बारीक जाळी लावा. आरामशिनीचा भुसा इथे फुकट मिळतो, पण तो नको. या अळ्यांना लाकूड पचत नाही, आणि औषध मारलेल्या लाकडाचा भुसा तर घातकच. चक्कीवरून गव्हाचा कोंडा आणा, त्यात अळ्या सोडा. पाण्याची वाटी न ठेवता गाजराचे काप द्या आणि ते बुरशी धरायच्या आत बदला. अळीचा कोष होतो, कोषातून भुंगा निघतो. भुंगे स्वतःचीच अंडी खातात, म्हणून दर दोन आठवड्यांनी त्यांना नव्या कोंड्यात हलवायचं आणि जुना डबा अंड्यांसाठी तसाच ठेवायचा. अंड्यापासून भुंग्यापर्यंत साधारण तीन-चार महिने जातात.

रातकिडे चपळ, त्यामुळे पालीला शिकारीची हौस भागवता येते. त्यांना लपायला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आणि अंडी घालायला ओलसर कोकोपीट लागतं. मात्र न खाल्लेले रातकिडे पिंजऱ्यात ठेवू नयेत. रात्री ते झोपलेल्या सरड्यालाच चावतात.

नागपुरात खरी कसोटी मे महिन्यात लागते. मीलवर्मना २५ ते ३० अंश मानवतं आणि आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. डबा तळमजल्यावर, सावलीत ठेवावा. कुलरच्या झोताखाली ठेवला तर कोंडा दमट होतो आणि त्यात बुरशी, माइट्स होतात. मुंग्या चढू नयेत म्हणून डब्याखालच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत.

एवढं करूनही एक गोष्ट राहते. मीलवर्म आणि रातकिडे यांच्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम फार थोडं. नुसत्या त्यांच्यावर वाढलेल्या सरड्याची हाडं मऊ पडतात, जबडा वाकतो, पाय थरथरतात. म्हणून खाऊ घालण्याआधी एक-दोन दिवस किड्यांना हिरवा पाला आणि गाजर द्यायचं, आणि देताना कॅल्शियमची पूड लावायची. बिअर्डेड ड्रॅगनला सोबत यूव्हीबी दिवाही हवाच. त्याशिवाय ते कॅल्शियम अंगी लागत नाही.

कायदाही पाळायला हवा. घोरपडीसारखे आपल्या रानातले प्राणी घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. परदेशी प्राणी ‘साइटीस’ या संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतला असेल, तर २०२४ च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. जखमी रानजीव सापडला तर तो घरी न नेता वनविभागाला कळवावं; सेमिनरी हिल्सवर त्यांचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे.

म्हणून सरडा मागणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना माझं एकच सांगणं आहे. आधी फक्त किड्यांचा डबा आणून द्या. अळी, कोष, भुंगा आणि पुन्हा अळी, असा एक पूर्ण फेरा मुलाला सांभाळू द्या. परीक्षा आल्या, कंटाळा आला, वास आला, तरी तो डबा जिवंत राहिला, तर त्या मुलाच्या हाती सरडा खुशाल द्या. तो उपाशी राहणार नाही.