अंतरपाटाअलीकडचा कामगार

भोर-वेल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात लग्नसराई सुरू झाली की एक माणूस पहाटेच्या अंधारातच घर सोडतो. पाठीवर कॅमेऱ्याची पिशवी, दुचाकीवर मागे दिव्याचे स्टँड सावरीत बसलेला एक पोरगा, आणि पुढे नसरापूरचे एखादे मंगल कार्यालय नाहीतर धरणाच्या काठाने वळणे घेत जाणारी वेळवंड खोऱ्यातील वाट. हळदीपासून वरातीपर्यंत हा माणूस उभा असतो. वऱ्हाडाच्या चार पंगती उठतात. पाचवीत त्याला पान मिळाले तर मिळते. मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर होतो तो क्षण त्याने गमावला तर त्याला क्षमा नाही, कारण तो क्षण पुन्हा घडवून आणता येत नाही. एवढी जोखीम अंगावर घेणाऱ्या या माणसाला लग्नघरात नाव नसते. ‘ओ फोटोवाले’ एवढीच त्याची ओळख. ज्याच्यामुळे साऱ्या सोयऱ्यांचे चेहरे मागे उरतात, त्याचा चेहरा एकाही अल्बमात सापडत नाही.

हा माणूस कामगार आहे की नाही? प्रश्न साधा वाटतो. पण त्याच्या उत्तरावर पुष्कळ काही अवलंबून आहे. त्याच्याजवळ स्वतःचा कॅमेरा आहे, दुकानावर पाटी आहे, म्हणून तो ‘धंदेवाला’ ठरविला जातो. त्या कॅमेऱ्याचा हप्ता मात्र दर महिन्याला भरावा लागतो आणि चार-सहा वर्षांत नवे यंत्र येऊन जुने निरुपयोगी होते. छत्तीस छायाचित्रांच्या रोलचा जमाना गेला, व्हिडिओ कॅसेट गेली, रोल धुणाऱ्या लॅब बंद पडल्या. ज्या कोडॅक कंपनीने जगाला रोल भरायला शिकविले, तिनेच २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला. अमेरिकेतील बलाढ्य भांडवलाला जो बदल पेलला नाही, तो भोरच्या बाजारपेठेतील एका गाळ्याने स्वतःच्या कर्जावर पेलावा अशी अपेक्षा आहे. अल्बम गेला की ड्रोन हवा, ड्रोन आला की लग्न लागतानाच मोबाईलवर चित्रफीत हवी. प्रत्येक नव्या हौसेचे भांडवल कारागिराने उभे करायचे, आणि मोबदल्याच्या घासाघिशीत मात्र ‘हल्ली फोटो तर मोबाईलवरही निघतात’ हे ऐकून घ्यायचे!

त्यातच आता पुण्याच्या ठेकेदारीची भर पडली आहे. वधूवरांचे संपूर्ण ‘पॅकेज’ शहरातील संस्था घेते आणि तालुक्यातील छायाचित्रकाराला दिवसाच्या हजेरीवर बोलावते. त्याची नजर, त्याची ओळखीची माणसे, त्याची पायाखालची वाट हे सारे वापरले जाते; चित्रावर शिक्का मात्र ठेकेदाराचा पडतो. स्वतःच्या अवजारांसह दुसऱ्याच्या ठेक्यावर राबणाऱ्या या माणसाला मालक म्हणणे ही भाषेची थट्टा आहे.

कॅमेऱ्याविषयी तुच्छतेने बोलण्याची एक रीत पुरोगामी वर्तुळातही आढळते. फोटो म्हणजे चैन, असे मानून विषय संपविला जातो. ही रीत चुकीची आहे. एके काळी आपली प्रतिमा मागे ठेवण्याचा अधिकार संस्थानिकांचा होता. राजे-रजवाड्यांची छायाचित्रे काढून लाला दीनदयाळ प्रसिद्धीस आले. भोर हेही पंतसचिवांचे संस्थान होते आणि त्याचा राजवाडा आजही उभा आहे. त्याच संस्थानात भाताची रोपे लावणाऱ्या बाईचा चेहरा मात्र तिच्याबरोबरच नाहीसा झाला. नातवंडांना तिच्याविषयी ऐकूनच कल्पना करावी लागते. तालुक्याच्या छायाचित्रकाराने हा अन्याय काही अंशी दूर केला. त्याने कष्टकऱ्याच्या भिंतीवर कष्टकऱ्याची तसबीर लावली. हे काम लोकशाहीचे आहे, आणि ते करणाऱ्याला समाजाने मान द्यायला हवा.

पण हाच कॅमेरा कोणाकडे वळविला जातो, हे पाहिले की मन विषण्ण होते. मुहूर्त टळून गेलेला असतो, नवरीच्या डोळ्यांवर उपवासाची झापड असते, आणि ध्वनिक्षेपकावरून पुढाऱ्यांची नावे पुकारली जात असतात. एकेकाला शाल, श्रीफळ, फेटा. मग शुभाशीर्वादाचे भाषण. छायाचित्रकाराला हुकूम होतो, ‘आधी साहेबांचा फोटो घ्या.’ ज्यांचे लग्न आहे ते दोघे बोहल्याजवळ ताटकळत असतात आणि लग्नाशी संबंध नसलेला माणूस चौकटीच्या मध्यभागी येतो. लग्नमंडपाची ही राजकीय सभा थांबविण्याची हिंमत कोणत्याही पक्षाच्या पुढाऱ्याने दाखविलेली नाही, कारण मतदाराच्या घरातील अल्बमात कायमची जागा मिळविण्याचा एवढा स्वस्त मार्ग दुसरा नाही.

आणि चौकटीबाहेर कोण राहते? वधूपिता. सबंध अल्बम चाळला तरी हा माणूस दोन-चार चित्रांतच दिसतो. उरलेला वेळ तो आचाऱ्याकडे, मंडपवाल्याकडे, नाहीतर उसनवारीचे पैसे घेऊन येणाऱ्या पाहुण्याची वाट पाहत फाटकापाशी असतो. वधूची आई विधवा असेल तर तीही कडेला सरते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तोच कित्ता गिरवण्यास सांगितले. हा ठराव मंडपात पोहोचला आहे की नाही, हे हळदीच्या चित्रांवरून कोणालाही तपासता येईल. सवाष्णींच्या घोळक्यामागे खांबाशी उभी असलेली मुलीची आई छायाचित्रकाराच्या भिंगाला दिसते. तिला पुढे बोलावण्याचा अधिकार मात्र त्याला नसतो.

या दोन तालुक्यांत अलीकडे लग्नाआधीच्या चित्रणाची हौस वाढली आहे. राजगड-तोरण्याची पार्श्वभूमी, वरंध घाटातील धुके, भाटघरचे नाहीतर गुंजवणीचे पाणी. पाणी सुंदर दिसते यात शंका नाही. पण त्या पाण्याखाली कोणाची तरी भातखाचरे आहेत. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, गुंजवणी या धरणांसाठी इथली माणसे उठली; नीरेच्या कालव्यांवर खालच्या तालुक्यांत ऊस पिकला. धरणग्रस्ताच्या नातवाने आजोबाच्या बुडालेल्या शेताच्या काठावर भाड्याचा पोशाख घालून, कर्जाच्या पैशाने, धनिकाचा अभिनय करावा आणि त्याला आनंदाचा क्षण म्हणावे, यापेक्षा बाजारव्यवस्थेचा मोठा विजय कोणता?

आता कायद्याकडे पाहावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, पैसे देणारा असतो. लग्नघराच्या खाजगी प्रतिमा लग्नघराच्या मालकीच्या असाव्यात, हे रास्तच आहे. परंतु कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क त्याच कायद्याने चित्र काढणाऱ्याला दिला आहे. तो कोणी मागत नाही आणि कोणी देत नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यान्वये बालविवाहास साहाय्य करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणूनच मंगल कार्यालय, वाजंत्री आणि पुरोहित यांच्याबरोबर छायाचित्रकारालाही प्रशासन इशारा देते. हा इशारा योग्यच आहे. अल्पवयीन मुलीच्या अंतरपाटासमोर कॅमेरा धरणाऱ्याने हात आवरलाच पाहिजे. प्रश्न एवढाच, की गुन्ह्याची जबाबदारी वाटताना ज्याची आठवण होते, त्याची संरक्षण वाटताना विस्मृती का व्हावी?

ती विस्मृती किती खोल आहे हे टाळेबंदीने दाखविले. मार्च २०२० मध्ये, ऐन हंगामाच्या तोंडावर, मंडप बंद झाले. पुढे पन्नास माणसांची परवानगी आली. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात ती पंचवीस माणसांवर आणि दोन तासांवर उतरली. निर्बंध आवश्यक होते. पण तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंतच्या कमाईवर ज्याचे सबंध वर्ष चालते, त्याचे लागोपाठ दोन हंगाम गेले तेव्हा ते नुकसान त्याच्या घरातच जिरले. हप्ते मात्र थांबून थांबले नाहीत.

इथे एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. समाजवादी माणूस एकीकडे लग्नाच्या उधळपट्टीविरुद्ध बोलतो आणि दुसरीकडे त्या उधळपट्टीवर जगणाऱ्याची बाजू घेतो, हे कसे? मे २०२५ मध्ये मुळशी भागातील एका विवाहितेच्या मृत्यूनंतर हुंड्याचा आणि भपक्याचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. साधे लग्न, मोजके पाहुणे, चित्रणाचे प्रदर्शन नको, अशा आचारसंहिता समाजाच्या बैठकांतून पुढे आल्या. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालापासून आहे, तरी अशा बैठका घ्याव्या लागतात, ही लाजेची गोष्ट. पण या संहितांचा पहिला घाव फोटोवाल्यावर पडतो आणि सोन्यावर, गाडीवर, पुढाऱ्यांच्या सत्कारावर सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा आहे. वधूपित्याला कर्जात लोटते ती देण्याघेण्याची यादी. एका दिवसाचे प्रामाणिक छायाचित्रण त्या यादीत सर्वांत लहान रक्कम असते आणि बहुधा सर्वांत उशिरा चुकती होते. शिवाय साधेपणाचा आणि चित्राचा विरोध नाही. २५ डिसेंबर १८७३ रोजी पहिला सत्यशोधक विवाह झाला, त्याने पुरोहिताची दक्षिणा नाकारली. आठवण नाकारली नव्हती. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीन साक्षीदारांसमोर होणाऱ्या लग्नालाही एक चांगले छायाचित्र हवे असते. भपका कमी झाला तर छायाचित्रकाराचे कर्जही कमी होईल, कारण ड्रोनची शर्यत त्याने लावलेली नाही.

उपाय अशक्य नाहीत. स्वयंरोजगारी माणसाला असंघटित कामगार मानणारा कायदा २००८ साली झाला आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही तेच धोरण ठेवले. महाराष्ट्राने तर १९६९ साली माथाडी कायदा करून दाखविला आहे: एका मालकाखाली नसलेल्या श्रमिकालाही मंडळ, नोंदणी आणि निधी देता येतो. त्याच धर्तीवर मंगल कार्यालयांच्या भाड्यावर अल्प अधिभार बसवून मंडपवाले, आचारी, वाढपी, वाजंत्री आणि छायाचित्रकार यांचे एकत्र मंडळ उभारता येईल. लेखी करार, निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली चित्रे हाती पडताच, जेवणाची वेळ, दिवे धरणाऱ्या पोराचे वय आणि वेतन: या मागण्यांत क्रांतिकारक काय आहे? त्या मान्य होत नाहीत, कारण त्या कोणी एकजुटीने मांडलेल्याच नाहीत.

ही सुरुवात भोर आणि वेल्ह्यातच व्हावी. चळवळीतील कार्यकर्ते लग्नाला जातातच. त्यांनी सत्काराचा फेटा नम्रपणे नाकारावा, मुहूर्ताआधीचे भाषण टाळावे, खांबाशी उभ्या असलेल्या आईला हात धरून पुढे आणावे, आणि पहिल्या पंगतीत कॅमेरेवाल्याला व त्याच्या पोराला आपल्या शेजारी बसवावे. संघटनेचे पहिले बोलणे त्या पानावर होऊ शकते. ठराव आणि मोर्चे त्यानंतर. ज्या चळवळीला आपल्यासमोर दिवसभर उभा असलेला श्रमिक दिसत नाही, तिने दूरच्या श्रमिकांच्या मुक्तीची भाषा करू नये.