सशाची ओली मांडी : मलमाआधी कारण शोधावे

श्रीगोंदे तालुक्यातील काष्टी हे दौंड–मनमाड लोहमार्गावरील गाव जनावरांच्या आठवडी बाजारासाठी दूरवर प्रसिद्ध आहे. या बाजारात बैल घेणारा शेतकरी आधी त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, त्याला चालवून पाहतो आणि मगच किमतीची गोष्ट काढतो. गाय घेणारा तिची कास चाचपल्यावाचून पुढे सरत नाही. जनावराच्या अंगावरील खुणेवरून आतील दोष ओळखण्याची ही विद्या आपल्या शेतकऱ्याच्या घरचीच आहे. मात्र याच शेतकऱ्याच्या पडवीत मुलांनी हौसेने पाळलेला ससा असेल, तर त्याच्या वाट्याला ही पारख क्वचितच येते. ससा वरून स्वच्छ दिसतो, पाला खातो, म्हणून तो बरा आहे असे समजले जाते. त्याच्या मागील पायांमधील केस ओले आहेत, खालची कातडी लाल होऊन सोलली आहे, ही गोष्ट दुर्गंधी सुटेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. मग हाताशी असेल ते मलम लावले जाते, आणि काही दिवसांनी कातडी पुन्हा तशीच सोलते.

लघवीने कातडी पोळण्याच्या या विकाराविषयी आमचे मत असे आहे, की हा मुळात कातडीचा रोगच नव्हे. कातडी ही केवळ खूण आहे. ससा ओला का राहिला, याचे उत्तर त्याच्या जागेत, त्याच्या चाऱ्यात अथवा त्याच्या अंगातील दुखण्यात असते. ते उत्तर शोधल्यावाचून केलेला उपचार व्यर्थ जातो, आणि त्यात गेलेले दिवस सशाच्या जिवावर बेततात.

कातडी का पोळते

निरोगी ससा लघवी करताना मागील अंग उचलतो व धार मागे टाकतो. त्यामुळे त्याची मांडी कोरडी राहते. ज्याला अंग उचलता येत नाही, ज्याची लघवी थेंबथेंब गळते किंवा ज्याला ओल्या जागेतच बसावे लागते, त्याचे केस लघवीने भिजतात. सशाची लघवी क्षारयुक्त व दाट असते. ती केसांत मुरून राहिली म्हणजे जंतूंमुळे तिच्यात अमोनिया तयार होतो. सशाची कातडी कागदासारखी पातळ असल्याने ती प्रथम लाल होते, मग केस झडतात, पुढे ती ओलसर राहून सोलते व तीत पू धरतो.

येथे दोन गोष्टींत घोटाळा होऊ देऊ नये. मागील बाजूस मऊ लेंडी चिकटली असेल, तर तो बहुधा खाण्यातील दोष असतो. तेथे लघवीचा संबंध नसतो. तसेच सशाची लघवी पिवळ्यापासून तांबूस रंगापर्यंत बदलू शकते. काही पाल्यांतील रंगद्रव्यांमुळे ती लाल दिसते व एक-दोन दिवसांत पुन्हा पूर्ववत होते. परंतु लघवीत रक्ताचे ठिपके अथवा गाठी दिसल्यास, विशेषतः मादीत, पशुवैद्यकास दाखविण्यास विलंब लावू नये.

जागेतील दोष

खेड्यातील सशाचे घर म्हणजे बहुधा फळांची पेटी, कोंबड्यांचा जुना खुराडा किंवा खताच्या गोणीचे अंथरूण. प्लास्टिकच्या गोणीवर लघवी साचून राहते, आणि ज्यूटचे गोणपाट ती शोषून दिवसभर ओले राहते. उन्हाळ्यात थंडावा मिळावा म्हणून पिंजऱ्यावर ओले गोणपाट टाकण्याची पद्धत चांगली आहे. सशाला उष्णता सोसत नाही. परंतु त्याचे पाणी खालच्या अंथरुणावर ठिबकत असेल, तर एक अपाय टाळताना दुसरा ओढवतो. गोणपाट पिंजऱ्याच्या बाहेरील बाजूने असे लटकवावे, की पाणी बाहेरच पडेल.

तळाला थोडा उतार द्यावा. त्यावर वाळलेले गवत किंवा गव्हाचे काड चार बोटे जाडीने पसरावे आणि ओला झालेला भाग रोज काढून टाकावा. निव्वळ तारेच्या जाळीवर ससा सतत ठेवल्यास त्याच्या तळपायांना जखमा होतात व तो हालचाल टाळू लागतो. जाळी असल्यास निम्म्या जागेवर फळी टाकून वर गवत पसरावे. ससा बहुधा एकच कोपरा लघवीसाठी निवडतो. तो कोपरा हेरून तेथे काड घातलेले उथळ घमेले ठेवले, तर सफाईचे निम्मे काम हलके होते. स्वच्छता पुरेशी आहे की नाही, हे ठरविण्यास साधी कसोटी आहे. आपले नाक सशाच्या उंचीवर नेऊन श्वास घ्यावा. डोळ्यांना झोंबत असेल, तर सशालाही ते अहोरात्र झोंबत आहे.

चाऱ्यातील दोष

या कारणाकडे आम्ही काष्टी परिसरातील वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. नगर भागात नुसते 'घास' म्हटले, तरी लसूणघास समजला जातो. दुभत्या जनावरांसाठी तो उत्तम चारा होय, आणि ज्या घरी गोठा आहे, तेथे गाईपुढील घासाची पेंडी व मूठभर पशुखाद्य सशापुढेही सहज टाकले जाते. त्यामागील माया खोटी नव्हे. परंतु सशाच्या शरीराची रीत गाईहून वेगळी आहे. इतर बहुतेक प्राण्यांची आतडी गरजेपुरतेच कॅल्शियम शोषून घेतात. सशाची आतडी चाऱ्यातील कॅल्शियम मोठ्या प्रमाणावर शोषतात आणि जास्तीचा भाग मूत्रपिंडांवाटे बाहेर टाकतात. म्हणूनच सशाची लघवी वाळल्यावर जमिनीवर चुन्यासारखा पांढरा डाग राहतो. थोडा डाग स्वाभाविक आहे. लघवी पिठल्यासारखी घट्ट येऊ लागली, तर मूत्राशयात गाळ साचत आहे असे समजावे. हा गाळ आतून टोचतो, लघवी थेंबथेंब गळते आणि मांडी भिजते. पुढे खडाही होऊ शकतो.

वाळलेल्या लसूणघासात कॅल्शियमचे प्रमाण साध्या गवताच्या दुपटीहून अधिक असते. वाढत्या पिलांना आणि पाजत्या मादीला तो मानवतो. पूर्ण वाढलेल्या, बसून असणाऱ्या सशाला मात्र तो रोजचा आहार म्हणून देऊ नये. त्याच्यापुढे हरळी, मारवेल यांसारखे वाळलेले गवत सदैव भरपूर असावे व जोडीला थोडा ताजा पाला द्यावा. पशुखाद्य व खनिज मिश्रण गाईसाठीच ठेवावे. या खुराकाने ससा लठ्ठ होतो, आणि लठ्ठ सशाचे तोंड मागील अंगापर्यंत पोहोचत नाही. मग तो स्वतःला चाटून स्वच्छ ठेवू शकत नाही व कातडीच्या घड्यांत लघवी मुरते.

सशाला पाणी लागत नाही, किंवा पाणी पाजल्यास तो मरतो, असा एक समज अनेक घरांतून आढळतो. तो निखालस चुकीचा व घातक आहे. सशाला दर किलो वजनामागे दिवसाला 50 ते 150 मिलिलिटर पाणी लागू शकते. पाणी कमी पडले की लघवी अधिक दाट होते व गाळ वाढतो. उलंडणार नाही असे जड मातीचे भांडे भरून ठेवावे आणि रोज धुवावे.

अंगातील दुखणे

जागा कोरडी आहे, चाराही योग्य आहे, तरीही ससा ओला राहतो, अशा वेळी त्याच्या अंगात दुखणे आहे असे धरून चालावे. पाच-सहा वर्षांच्या पुढील सशाचे सांधे व मणके धरतात. लघवीच्या वेळी त्याला मागील अंग उचलवत नाही. उचलताना पाठीला झालेली इजा हेही एक कारण होय. सशाला कान धरून उचलण्याची रीत सर्वथा टाकून द्यावी. लोंबकळलेला ससा जोराने पाय झाडतो आणि त्या झटक्याने त्याचाच कणा मोडू शकतो. एक हात छातीखाली व दुसरा पुठ्ठ्याखाली देऊन त्याला आपल्या अंगाशी धरावे.

याखेरीज एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली नावाचा सूक्ष्म परजीवी सशाच्या मेंदूवर व मूत्रपिंडांवर परिणाम करतो. मागील पाय लुळे पडणे, मान एका बाजूस कलणे व लघवीवरील ताबा सुटणे ही त्याची लक्षणे होत. यावर पशुवैद्यक बहुधा फेनबेंडॅझोल हे औषध 28 दिवस देतात. मध्येच औषध सोडू नये. हा परजीवी लघवीवाटे पसरतो, म्हणून सफाईनंतर हात साबणाने धुवावेत. घरात दीर्घ आजाराने अशक्त झालेली व्यक्ती असल्यास तिच्याकडे हे काम देऊ नये.

घरी करावयाचा उपचार

प्रथम कोरडी जागा तयार करावी आणि मगच सशास हात लावावा. एकाने त्याला मांडीवर धरावे व दुसऱ्याने काम करावे. भिजलेले केस बोथट टोकाच्या कात्रीने जपून कापावेत. ओले केस ओढल्यास कातडी फाटते. केस कातडीस घट्ट चिकटले असतील, तर ते काम दवाखान्यातच करून घ्यावे. नंतर केवळ बाधित भाग कोमट पाण्याने धुवावा. पोव्हिडोन आयोडीन वापरावयाचे झाल्यास पाण्यात इतकेच टाकावे, की पाण्यास फिक्या चहाचा रंग यावा; मग साध्या पाण्याने तो भाग पुन्हा धुवावा. मऊ सुती कापडाने न घासता टिपून पूर्ण कोरडा करावा. कातडी केवळ लाल असेल व सोललेली नसेल, तर व्हॅसलीनचा अगदी पातळ थर लघवीपासून बचाव करतो. सोललेल्या कातडीवर काय लावावे, हे पशुवैद्यकाने ठरवावे. वेदना असलेला ससा खाणे सोडतो आणि न खाणाऱ्या सशाची आतडी लवकरच थंडावतात. म्हणून अर्धा दिवस त्याने काहीच खाल्ले नाही, तर दवाखाना गाठावा.

काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. सशाला पूर्ण अंघोळ घालू नये. तो गारठतो व भयाने धडपडून स्वतःस इजा करून घेतो. फिनेल, रॉकेल, टर्पेन्टाइन यांपैकी काहीही लावू नये. ससा ते चाटतो. कुत्र्याच्या गोचिडांवरील फिप्रोनिलयुक्त औषध सशाला प्राणघातक ठरू शकते. पेनिसिलिन व अमॉक्सिसिलिन या जातीची औषधे सशाला तोंडावाटे कदापि देऊ नयेत. त्याच्या आतड्यांतील उपयुक्त जंतू मरून काही दिवसांत ससाही दगावतो. घरात उरलेली गोळी मुलाला दिली तशी सशालाही दिली, असे होता कामा नये.

पावसाळ्यात व त्यानंतरच्या उबदार दिवसांत माश्यांकडे विशेष लक्ष द्यावे. ओल्या, वास येणाऱ्या केसांत हिरव्या माश्या अंडी घालतात. एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर पडतात आणि जिवंत मांस पोखरू लागतात. अळी दिसली, की उद्यावर न टाकता त्याच दिवशी उपचार करून घ्यावा.

सशासाठी एवढा खटाटोप का?

असा प्रश्न विचारला जाईल, आणि तो अगदीच गैर नाही. ज्या दवाखान्यासमोर गाईम्हशींची रांग आहे, तेथे टोपलीत ससा घेऊन उभ्या राहिलेल्या मुलाकडे पाहून लोक हसतात. दुभत्या गाईवर घराचा संसार चालतो, सशावर चालत नाही, हे खरेच आहे. तथापि 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाने प्राणी बाळगणाऱ्यावर त्याच्या हिताची काळजी घेण्याचे कर्तव्य टाकले आहे, आणि त्यात प्राण्याच्या किमतीवरून भेद केलेला नाही. दुसरे असे, की या विकारात औषधापेक्षा निरीक्षणच अधिक लागते. कोरडे गवत, स्वच्छ पाणी आणि आठवड्यातून एकदा मागील अंग पाहण्याची सवय यांना पैसा लागत नाही. ससा ही पुष्कळ मुलांच्या हाती आलेली पहिली जितराबाची जबाबदारी असते. त्याची मांडी रोज पाहणारे मूल उद्या वासराची नाळ व गाईची कासही पाहील. त्याचा ससा ओला राहून मेला आणि 'ससे असेच मरतात' एवढेच त्याला सांगितले गेले, तर तेही शिक्षणच होय. पण ते चुकीचे शिक्षण होय.

म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे, की गोठ्याची पाहणी करावयास गेल्यावर पडवीतील पिंजऱ्याकडेही नजर टाकावी. मलमाचे नाव सुचविण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : ससा कशावर बसतो, काय खातो व पितो, आणि उड्या पूर्वीसारख्या मारतो काय? या उत्तरांची नोंद करून ती सशासोबत दवाखान्यात पाठवावी. त्यामुळे पशुवैद्यकाचा वेळ वाचेल. जेथे दवाखाना दूर असेल, तेथे 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी विचारणा करता येते. शेतकरी बंधूंनी व भगिनींनी बाजाराचा दिवस हाच पाहणीचा दिवस ठरवावा. बाजारात परक्याचे जनावर पारखण्यापूर्वी आपल्या पडवीतील सशाची मांडी कोरडी आहे ना, एवढे पाहून घ्यावे.