अधिकारी बाईला पर्मनंट कमिशन, जवान मुलीला चार वर्षे

१७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने लष्करातल्या स्त्री अधिकाऱ्यांना पर्मनंट कमिशन देण्याचा निकाल दिला. आपल्या सगळ्या गटांना आनंद झाला, आणि तो योग्यच होता. जवान बहुतेक खेड्यापाड्यातले, बाईचा हुकूम ऐकायची त्यांच्या मनाची तयारी नाही, असा युक्तिवाद सरकारने केला होता. न्यायालयाने तो फेटाळला. पण या खेड्यातल्या जवानाला बहीणही असते, तिचे काय, हे आपल्यापैकी कितीजणींनी विचारले?

ती बहीण आज भरतीच्या रांगेत उभी आहे. सातारा-सांगलीकडच्या कॉलेजांत मी मुलींच्या बैठका घेते. शेवटच्या वर्षाच्या मुलींचा एक प्रश्न हमखास येतो : "ताई, भरतीला जाऊ की ऑफिसरची परीक्षा देऊ?" ऐकायला ही निवड वाटते. प्रत्यक्षात निवड आधीच झालेली असते, आणि ती मुलीने केलेली नसते.

दोन्ही दारे नीट पाहू. डॉक्टर आणि परिचारिका सोडून इतर शाखांत स्त्रियांना अधिकारी म्हणून घेणे १९९२ साली सुरू झाले. जवान म्हणून घ्यायला २०१९ उजाडले, तेही फक्त मिलिटरी पोलिसात. ८३ मुलींची पहिली तुकडी मे २०२१ मध्ये बंगळूरहून बाहेर पडली. पुढच्याच वर्षी, जून २०२२ मध्ये, अग्निपथ योजना जाहीर झाली. नोकरी चार वर्षांची. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्क्यांनाच कायम करणार. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये. त्यातले ३० टक्के निधीत कापून हातात २१,०००. शेवटी सेवानिधीचे १० लाखांवर रुपये. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. अटी मुलांनाही याच आहेत. पण मुलांच्या बाप-आज्यांनी फौजेची पेन्शन खाल्ली आहे. मुलींना दार उघडले आणि तीन वर्षांत आतली कायम नोकरीच काढून घेतली.

त्याच २०२२ च्या ऑगस्टमध्ये खडकवासल्याच्या एनडीएत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली. आपण टाळ्या कोणत्या बातमीला वाजवल्या आणि कोणती बातमी नुसती वाचून सोडली, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

अधिकारीपद म्हणजे स्वर्ग आहे असे मी म्हणत नाही. शॉर्ट सर्व्हिस १० वर्षांची, वाढली तर १४. तेवढ्यावर घरी आले तर पेन्शन नाही. इन्फंट्री आणि रणगाडा दल स्त्रियांना बंदच आहे. पण सातव्या वेतन आयोगाप्रमाणे लेफ्टनंटचा मूळ पगारच ५६,१०० रुपये आहे. शिवाय शिक्षण, हुद्दा आणि संघटित होण्याची ताकद असल्यामुळे या स्त्रिया न्यायालयात जाऊ शकल्या. तरीही काय झाले पाहा. लग्न केले म्हणून १९८८ साली नोकरीवरून काढलेल्या लष्करी नर्सिंग सेवेतल्या एका अधिकारी स्त्रीला ६० लाखांची भरपाई मिळाली ती २०२४ साली. छत्तीस वर्षांनी! चार वर्षांच्या कराराची मुलगी कोणत्या कोर्टात छत्तीस वर्षे उभी राहणार?

मग पदवीधर मुलगी भरतीलाच का पळते? पहिले कारण भाषा. अग्निवीरची लेखी परीक्षा २०२५ पासून मराठीतूनही देता येते. सीडीएसमधून चेन्नईच्या अकादमीला जाणाऱ्या मुलीला मात्र इंग्रजी आणि सामान्य ज्ञान असे दोनच पेपर, १०० - १०० गुणांचे. म्हणजे निम्मे गुण इंग्रजीचे, आणि दुसरा पेपर हिंदी किंवा इंग्रजीत. जवान व्हायला मराठी चालते, अधिकारी व्हायला चालत नाही. ही चाळणी लिंगाची नाही, वर्गाची आणि जातीची आहे.

दुसरे कारण माहिती. एनडीएच्या तयारीची सरकारी संस्था औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९७७ साली मुलांसाठी निघाली. मुलींसाठी तशी संस्था नाशिकला निघायला २०२३ साल लागले. एनसीसीचे 'सी' प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत असेल तर लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबी मुलाखतीला जाता येते, हे कॉलेजात मुलींना कोणी सांगत नाही. पहाटे रस्त्यावर १,६०० मीटर धावायला लावणारी खासगी अकॅडमी मात्र गावोगाव आहे.

तिसरे कारण लग्न. अग्निवीर मुलीला चार वर्षे लग्न करता येत नाही. ही अट अन्यायाची आहे. तरी कितीतरी मुली तिलाच ढाल समजतात, कारण घरात स्थळे येऊ लागलेली असतात. पण ढाल चारच वर्षांची. नंतर सेवानिधीचे पैसे तिच्या नावावर राहतील की मांडवात आणि हुंड्यात जातील, याचा विचार आपण आत्ताच केला पाहिजे.

काही मैत्रिणी म्हणतील, आपण लष्कराची भरती कशाला करायची? २००४ साली मणिपूरच्या आयांनी इंफाळला कांगला किल्ल्यासमोर विवस्त्र होऊन जो सवाल केला, तो विसरायचा का? नाही. तो प्रश्न लष्कराला विचारत राहिलेच पाहिजे. पण पोटासाठी रांगेत उभ्या असलेल्या मुलीला तो ऐकवून आपण हात झटकू शकत नाही. लष्करावर टीका करणे आणि लष्करातल्या कामगार बाईच्या बाजूने उभे राहणे, ही दोन्ही कामे आपलीच आहेत.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. पदवी घेतलेल्या मुलीने वय हातात असेतो आधी अधिकारीपदासाठी प्रयत्न करावा, आणि गटांनी त्यासाठी इंग्रजीचे वर्ग चालवावेत. नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात एसएसबीची तयारी राहण्या-जेवणासह मोफत होते. तिथे मुलींची नावे पाठवावीत. पण एवढ्यावर थांबलो तर आपली चळवळ हुद्देवाल्यांचीच राहील. सीडीएसचा पेपर मराठीतून, लग्नाची अट रद्द, मिलिटरी पोलिसाबाहेरच्या जागा खुल्या, आणि जवान मुलीला कायम नोकरी व पेन्शन : या मागण्या आपल्या पुढच्या प्रत्येक निवेदनात पर्मनंट कमिशनच्या शेजारी, त्याच ओळीत लिहिलेल्या असल्या पाहिजेत.