मिठातील आयोडीन आणि समाजाचे कर्तव्य

मानवी शरीराला लागणाऱ्या द्रव्यांपैकी काहींची गरज इतकी अल्प असते की, तिच्याकडे सहज दुर्लक्ष होते. आयोडीन हे असेच एक खनिजद्रव्य होय. प्रौढ माणसाला दिवसाकाठी त्याचे सुमारे १५० मायक्रोग्रॅम पुरतात. सत्तर वर्षांच्या आयुष्यात लागणारे सारे आयोडीन एकत्र केले, तरी ते चार ग्रॅमांहून कमी भरेल. चहाचा एक चमचाही त्याने भरणार नाही. परंतु एवढेसे द्रव्य न मिळाल्याने होणारी हानी अल्प नसते, आणि पुष्कळदा ती भरूनही निघत नाही.

गळ्याच्या पुढील भागात असलेली अवटु ग्रंथी रक्तातील आयोडीन वेचून घेते व त्यापासून थायरॉक्सिनसारखी संप्रेरके तयार करते. शरीराची वाढ, चयापचय आणि मेंदूचा विकास ह्या संप्रेरकांवर अवलंबून असतो. आयोडीन कमी पडू लागले की, मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी अवटु ग्रंथीला अधिक काम करण्यास प्रवृत्त करते. ती हळूहळू फुगते आणि गळ्यावर गलगंड दिसू लागतो. गलगंड हे मात्र केवळ बाह्य लक्षण होय. खरा आघात गर्भावर होतो. आरंभीच्या महिन्यांत गर्भाची स्वतःची अवटु ग्रंथी काम करू लागलेली नसते. मेंदूच्या घडणीसाठी लागणारे संप्रेरक त्याला आईकडूनच मिळावे लागते. आईच्या शरीरात आयोडीनचा तीव्र तुटवडा असेल, तर मुलाची बौद्धिक वाढ कायमची खुंटू शकते. ते मूकबधिर होऊ शकते. तुटवडा सौम्य असेल, तर दोष डोळ्यांना दिसतही नाही. अभ्यासात मागे पडणारे मूल आळशी ठरते, इतकेच.

डोंगराळ प्रदेशातील जमिनीतून पाऊस व हिमनद्या आयोडीन धुऊन नेतात. अशा जमिनीत पिकणाऱ्या धान्यात व भाजीत ते कोठून येणार? हिमालयाच्या पायथ्याच्या प्रदेशात गलगंड पिढ्यान्‌पिढ्या आढळत असे, तो ह्यामुळेच. ह्या रोगावरील उपाय भारतीय शास्त्रज्ञांनी कांगडा खोऱ्यात कसोटीस लावला. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून अधिक वस्तीच्या ह्या प्रदेशाचे तीन विभाग पाडले. १९५६ पासून दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ आणि तिसऱ्याला साधे मीठ पुरविण्यात आले. १९६२ पर्यंत पहिल्या दोन विभागांतील गलगंडाचे प्रमाण बरेच घटले. तिसऱ्यात ते जवळजवळ तसेच राहिले. निष्कर्ष स्पष्ट झाल्यावर तिसऱ्या विभागालाही आयोडीनयुक्त मीठ मिळू लागले. त्याच वर्षी देशात गलगंड-नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पुढे असे दिसून आले की, हा दोष हिमालयापुरता मर्यादित नाही. महाराष्ट्र व गुजरात ह्यांच्या काही भागांतही तो आहे.

शास्त्राचे काम एवढ्यावर संपले. समाजाचे मात्र संपले नाही. १९९८ मध्ये केंद्र सरकारने खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास बंदी केली, २००० मध्ये ती उठविली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू केली. बंदीला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. मिठासाठी ज्या देशाने १९३० मध्ये सत्याग्रह केला, त्या देशात कोणते मीठ खावे हे सरकारने का ठरवावे, असे ते विचारीत. लहान मिठागरवाल्यांच्या पोटावर पाय येईल, ही त्यांची भीतीही निराधार नव्हती.

तथापि एक गोष्ट ह्या युक्तिवादात निसटते. मीठ निवडतो तो प्रौढ माणूस; निवडीचे फळ भोगते ते अद्याप जन्मास न आलेले मूल. ज्याची हानी होणार, त्याला मतच नाही. शिवाय हा तुटवडा भुकेसारखा जाणवत नाही; त्यामुळे ‘ज्याला हवे तो घेईल’ हा न्याय येथे लागू पडत नाही. बाजारात दोन प्रकारचे मीठ असेल, तर गरीब घरात स्वस्तातलेच जाणार, हेही उघड आहे. म्हणून ही बंदी योग्यच होय. मात्र तिच्याबरोबर लहान उत्पादकांना आयोडीन मिसळण्याची साधने परवडणाऱ्या दरात मिळवून देणे, हेही शासनाचे कर्तव्य ठरते.

सुशिक्षित घरांत आज वेगळाच धोका दिसतो. ‘नैसर्गिक’ म्हणून सैंधव रोजच्या स्वयंपाकात येऊ लागले आहे. उपवासापुरते ते वापरण्यास हरकत नाही. पण त्यात बहुधा आयोडीन मिसळलेले नसते, आणि नैसर्गिक तेवढे पुरेसे, असा निसर्गाचा नियम नाही. कांगड्याची जमीनही नैसर्गिकच होती.

ह्याचा अर्थ मीठ जास्त खावे असा मुळीच नव्हे. मीठ बेताचेच असावे, पण ते आयोडीनयुक्त असावे. अवटु ग्रंथीचा विकार असलेल्यांनी वैद्यकीय सल्ला घ्यावा. इतरांनी पुडक्यावरील आयोडीनची खूण पाहावी आणि मीठ झाकणाच्या बरणीत, कोरड्या जागी ठेवावे, म्हणजे आयोडीन उडून जात नाही. मिठाला जागणे हा आपल्याकडे मोठा गुण मानला जातो. पुढील पिढीच्या बाबतीत मिठाला जागण्याचा मार्ग इतका सोपा आहे.